तोंडात आहे ते वहीत का नाही?

पिकअप म्हणजे काय, हे बेळगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहाटे खानापूर रोडने भाजी भरून मार्केटकडे धावतो तो पिकअप. जुनी स्कूटर चढणीला दमली की गॅरेजवाला म्हणतो, हिला पिकअपच राहिला नाही. शाळेच्या व्हॅनचा पिकअप पॉइंट ठरलेला असतो. लग्नघरात कुठल्या पाहुण्याला कुठून पिकअप करायचं याची यादी होते, आणि गणपतीच्या तोंडावर खडेबाजारातला दुकानदार हायसं वाटून सांगतो की आता कुठे धंद्यानं पिकअप घेतला. बोलणारी ही सगळी माणसं मराठी बोलत असतात. आपण इंग्रजी वापरतोय हे त्यांच्या मनातही येत नाही.

त्यांच्याच घरातली नववीतली मुलगी इंग्रजी वाचताना एका वाक्यापाशी अडते. 'शी पिक्ड अप मराठी फ्रॉम हर नेबर्स.' पिक म्हणजे वेचणे, निवडणे. अप म्हणजे वर. शेजाऱ्यांकडून मराठी वर वेचलं म्हणजे काय केलं? जो शब्द तिच्या कानावर रोज दहादा पडतो, तोच पुस्तकात भेटल्यावर तिला परका वाटतो. दोन्ही एकच आहेत हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

सीमाभागातल्या मराठी शाळांची काळजी वाहणाऱ्या सगळ्यांपुढे मला हे अडणं ठेवायचं आहे. आपल्या शाळांत इंग्रजी शिकवताना मुलांच्या तोंडात, कानात आणि मातृभाषेत आधीपासून जे आहे ते बाजूला सारलं जातं. मग इंग्रजी कच्चं राहतं. कच्चं राहिलं म्हणून आईबाप मूल काढून इंग्रजी माध्यमात घालतात, आणि पट घसरला म्हणून शाळेवर गदा येते. मराठी शाळा टिकवायच्या असतील तर त्यांतलं इंग्रजी गावात सगळ्यात चांगलं असलं पाहिजे. ते तसं होऊ शकतं, आणि मराठीच्याच बळावर होऊ शकतं, अशी माझी खात्री आहे.

आधी विषय नीट मांडतो. गो, कम, टेक, पुट, गेट, टर्न, पिक अशी छोटी क्रियापदं आणि त्यांना लागून येणारे अप, आउट, ऑफ, ऑन, डाउन, बॅक असे चिमुकले शब्द मिळून इंग्रजीत जी जोडी होते तिला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हे नाव रूढ व्हायला १९२५ साल उजाडावं लागलं, पण दुखणं जुनं आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा इंग्रजी कोश काढला, तेव्हाच प्रस्तावनेत लिहून ठेवलं की परक्या माणसांना आमच्या भाषेत सर्वाधिक अडचण याच जोड्यांची होते. सेट इन, सेट आउट, फॉल ऑफ, ब्रेक ऑफ अशी उदाहरणंही त्याने दिली. म्हणजे कंग्राळीच्या किंवा उचगावच्या पोराला हे जड जातं त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नाही.

शिक्षकांनी हात टेकावेत इतका हा पसारा मोठाही नाही. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या दोन अभ्यासकांनी ब्रिटिश इंग्रजीच्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहात या जोड्या मोजल्या. २००७ साली त्यांनी दाखवलं की अवघी २० क्रियापदं आणि ८ चिमुकले शब्द यांच्या जोड्यांतच निम्म्याहून अधिक वापर आटोपतो. पुढे २०१५ साली मेलोडी गार्नियर आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी सर्वाधिक वापरातल्या १५० जोड्या घेतल्या आणि त्यांचे नेहमी लागणारे अर्थ निवडले. ते भरले २८८. कोशात एकेका जोडीपुढे अर्थांची रांग असते, पण रोजच्या व्यवहाराला सरासरी दोनच पुरतात. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं धरली तर वर्षाला २५ जोड्या आणि पन्नासेक अर्थ. कुठल्या शाळेला हे झेपणार नाही?

पण ते झेपवायचं कसं, यावरच सगळं अवलंबून आहे. सध्या चालतं ते असं: फळ्यावर दोन रकाने आखले जातात. डावीकडे पुट ऑफ, कॉल ऑफ, लुक आफ्टर, गिव्ह अप. उजवीकडे पोस्टपोन, कॅन्सल, टेक केअर ऑफ, स्टॉप. मुलं उतरवून घेतात, पाठ करतात, परीक्षेत गाळलेल्या जागा भरतात आणि मार्चनंतर विसरतात. एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अनोळखी शब्दाने सांगितल्यावर हाती लागणार काय? ज्या भाषेत मूल विचार करतं, ती भाषा या दोन रकान्यांत कुठेच नसते.

आता पिक अप पुन्हा घेऊ, आणि मराठी मदतीला घेऊन बघू. खाली पडलेला पेन आपण उचलतो, इंग्रज पिक अप करतो. वाजणारा फोन आपण उचलतो, तोही पिक अपच करतो. 'कितीदा केला, तो फोनच उचलंना,' हे आपल्या गल्लीतलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत बसतं. चोराला पोलिसांनी उचललं, तिथेही पिक्ड अप. पावसाळा संपून कांद्याच्या भावाने उचल खाल्ली, तिथेही पिक्ड अप. पोरगं शेजाऱ्यांत खेळून कन्नड पटकन उचलतं, आणि इंग्रजीतही ते कन्नड पिक अप करतं. नववीतली ती मुलगी जिथे अडली होती, ते वाक्य 'उचललं' या एका मराठी शब्दाने सुटतं. कोश नको, व्याख्या नको.

आणि जिथे मराठी साथ सोडते, तिथलं शिकणं तर आणखी पक्कं होतं. पाहुण्याला स्टेशनवरून आपण उचलून आणत नाही, आणायला जातो. इंग्रज मात्र 'आय विल पिक यू अप ॲट सेव्हन' म्हणतो आणि त्यात आदराला काही बाधा येत नाही. येताना दूध घेऊन ये, हेही त्याच्याकडे पिक अप सम मिल्क. आपल्याला सर्दी होते, तो सर्दी पिक अप करतो. उलट आपली एक उचल इंग्रजीत जात नाही. निपाणी, चिकोडी, अथणीकडे उसाची पहिली उचल किती मिळणार यावर हंगाम पेटतो. ती उचल म्हणजे आगाऊ हप्ता, तिथे पिक अप चालणार नाही. हे वर्गात सांगितलं की उसवाल्याच्या घरातलं पोर आपणहून बोलू लागतं. दोन भाषा कुठे जुळतात आणि कुठे फाटतात हे ज्याने स्वतः पारखलं, त्याच्या लक्षात ते कायमचं राहतं.

शब्दांची जागाही एका मिनिटात सांगता येते. पिक अप द फोन चालतं, पिक द फोन अप हेही चालतं. पण फोनच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसलं पाहिजे: पिक इट अप. आपली मुलं पिक अप इट म्हणतात, कारण फळ्यावरच्या रकान्यात पिक अप हा न फुटणारा ठोकळा म्हणून आलेला असतो. आणखी एक. पिकअप हे नाम म्हणून येतं तेव्हा जोडून लिहितात आणि जोर 'पिक'वर पडतो. क्रियापद म्हणून येतं तेव्हा सुटं लिहितात आणि 'अप' ठसठशीत ऐकू येतो. मराठीने अशी बरीच नामं उचलली आहेत. ब्रेकडाउन, बॅकअप, सेटअप, फॉलोअप, हँडओव्हर, टेकऑफ, लॉकअप ही सगळी आपल्या घरात मराठी प्रत्यय लावून नांदतात. शाळेने फक्त या नामांमागची क्रियापदं मुलांना परत भेटवायची. 'बसचं ब्रेकडाउन झालं' म्हणणाऱ्या मुलाला 'द बस ब्रोक डाउन' शिकवायला किती वेळ लागेल?

मराठी माध्यमाच्या बाजूने मी जो सगळ्यात मोठा मुद्दा मानतो तो याहून खोल आहे. एका क्रियापदाला दुसरा छोटा शब्द चिकटवून अर्थाची तऱ्हा बदलण्याची रीत इंग्रजांपुरती नाही. आपण दिवसभर दुसरं काय करतो? खा आणि खाऊन टाक यांत फरक आहे. लिही वेगळं, लिहून घे वेगळं, लिहून दे आणखी वेगळं. वाच आणि वाचून दाखव, बोलला आणि बोलून बसला, दे आणि देऊन टाक. 'खाऊन टाक'मध्ये कुणी काही फेकत नाही आणि 'बोलून बसला'मध्ये कुणी बसत नाही. टाक, घे, दे, बस या शब्दांनी स्वतःचा मूळ अर्थ सोडून मुख्य क्रियेला रंग दिलेला असतो. इंग्रजीतले अप, ऑफ, डाउन, आउट हेच काम करतात. ईट इट अप म्हणजे खाऊन टाक. राइट इट डाउन म्हणजे लिहून घे. रीड इट आउट म्हणजे वाचून दाखव. गिव्ह इट अवे म्हणजे देऊन टाक. इंग्रजीतून समजावायचं तर ईट आणि ईट अपमधला फरक सांगायला दोन ओळींची व्याख्या लागते, आणि ती ऐकूनही मुलाच्या डोक्यात प्रकाश पडेलच असं नाही. मराठीत दोन शब्द पुरतात.

सीमाभागातल्या मुलाकडे तर ही रीत दोन भाषांतून आलेली असते. कन्नडमध्ये तिंदुबिडु म्हणजे खाऊन टाक, माडिबिडु म्हणजे करून टाक, कोट्टुबिडु म्हणजे देऊन टाक. त्यातल्या बिडुचा सुटा अर्थ 'सोड'. बरेदुको म्हणजे लिहून घे, आणि त्यातल्या 'को'मागे 'घेणे' आहे. फोनसुद्धा कन्नडमध्ये एत्तायचा, म्हणजे उचलायचाच असतो. मराठी आणि कन्नड ही वेगळ्या भाषाकुलांतली. पण शतकानुशतकांच्या शेजाराने त्यांची वाक्यं एकमेकींच्या मापाला आली आहेत. सीमेच्या पलीकडे सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी हेच अभ्यासलं. गावातल्या मराठी, कन्नड, उर्दू बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आलेली त्यांना आढळली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येत होतं. १९७१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा तो लेख आजही भाषाशास्त्राचे विद्यार्थी वाचतात. जगभरच्या अभ्यासकांना ज्या गोष्टीचं अप्रूप आहे, ती येळ्ळूरच्या किंवा खानापूरच्या पोराच्या अंगवळणी पडलेली असते. इंग्रजी शिकण्यासाठी याहून चांगली तयारी कुठली असू शकते? पण हेच पोर शाळेत 'इंग्रजीत कच्चं' ठरतं.

अर्थात 'टाक' दिसला की 'अप' लाव, असा नियम करता येणार नाही. संपवून टाक म्हणजे फिनिश ऑफ, फेकून दे म्हणजे थ्रो अवे, आणि कुठे कोणता शब्द येतो हे सवयीनेच कळतं. मुलाला सुरुवातीला हवी असते ती ओळख, की ही रीत आपल्याकडेही आहे. ती पटली की भीती जाते. उरलेलं काम वाचन आणि बोलणं करतं.

हे नसल्याची किंमत काय होते ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या ओळखीतला खानापूर तालुक्यातला एक मुलगा, शिक्षण मराठी शाळेत, पुढे डिप्लोमा. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला. काम सवयीचं होतं, ड्रॉइंग त्याला वाचता येत होतं, मोजमापाची साधनं सफाईने वापरत होता. त्या दिवशी मी त्याच्यासोबत होतो. बाहेर आला तो उतरलेल्या चेहऱ्यानेच. म्हणाला, सगळं नीट चाललं होतं, मग साहेबांनी विचारलं, 'अँड व्हेअर डिड यू पिक अप युअर कन्नड?' त्याला वाटलं कागदपत्रांत काही उचलायचं, आणायचं राहिलंय. तो फाइल चाळत बसला. साहेबांनी प्रश्न सोडून दिला. मी अर्थ सांगितला तेव्हा तो गप्प झाला आणि मग म्हणाला, 'एवढंच होय? सांगितलं असतं की, नंदगडच्या बाजारात.' त्याला काम मिळालं, पण मशीनवरचं. तपासणी विभागातली जागा, जिथे गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं, ती दुसऱ्याला गेली. मशीनवर तो दिवसभर सेटअप करतो, टूल टच ऑफ करतो, शटडाउन आणि ब्रेकडाउनची नोंद ठेवतो. या जोड्या त्याला येतात. त्या त्याच्या आहेत हे त्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

त्याला इन्व्हेस्टिगेट, कमेन्स, टर्मिनेट, ॲप्रिशिएट हे शब्द स्पेलिंगसकट येत होते. आपल्याकडे जड शब्दांनाच चांगलं इंग्रजी समजण्याची जुनी खोड आहे. ती साहेबाच्या कचेरीतून, अर्जांच्या नमुन्यांतून आली आणि पिढ्यान्‌पिढ्या वर्गात मुरली. फ्रेजल व्हर्ब म्हणजे बाजारू बोलणं, लिहिताना टाळावं, असं सांगणारे चांगले शिक्षक मला भेटले आहेत. औपचारिक निबंधात जड शब्द शोभतात हे खरं, आणि ते शिकवलेच पाहिजेत. पण फोनवर, मुलाखतीत, कारखान्यात, ईमेलमध्ये समोरचा माणूस 'गेट बॅक टु मी', 'फॉलो अप करा', 'फाइंड आउट करून सांगा' असंच बोलतो. तिथे पोस्टपोन येऊन उपयोग नाही, पुट ऑफ कळला पाहिजे.

आपल्या मुलांच्या इंग्रजीला हसण्याची रीतही बंद व्हायला हवी. 'मी २०१८ पासआउट' असं म्हणणाऱ्याला शहरातले शहाणे हसतात, कारण अमेरिकेत पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. बेळगावात तर हसण्याचं काहीच कारण नाही. इथे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडण्याला पास आउट म्हणणं हा फौजेतला, खुद्द ब्रिटिश वापर आहे. मुलाला एवढंच सांगावं की तुझं बरोबर आहे, पण अमेरिकन माणसाशी बोलताना ग्रॅज्युएटेड म्हण. फॉर्म आपण फिल अप करतो, इंग्लंडात तो फिल इन होतो आणि अमेरिकेत फिल आउट. हे भेद न ओरडता, न लाजवता सांगता येतात. लाजलेलं मूल तोंड उघडत नाही, आणि तोंड न उघडता आजवर कुणालाही भाषा आलेली नाही.

आता माध्यमाचा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवसापासून लागू झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं ते सांगतं. मराठी शाळांसाठी सीमाभागात ज्यांनी झगडा केला त्यांच्या हाती हे कलम होतं आणि आहे. पण कलम शाळा उघडायला लावू शकतं, मूल त्या शाळेत पाठवायला आईबापांना भाग पाडू शकत नाही. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकच्याच प्रकरणात सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकारला सक्तीने लादता येणार नाही, निवड पालकांची. २०१९ पासून कर्नाटक सरकारने स्वतःच्या एक हजार शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले, तेव्हा कन्नड लेखकांनी विरोध केला. त्यांचं दुःख आणि आपलं दुःख इथे एकच आहे, हे मी बेळगावात राहून ठामपणे म्हणतो. सीमेचा दावा आपल्या जागी राहू द्या. इंग्रजी माध्यमाकडे जाणारी रांग मराठी आणि कन्नड दोन्ही शाळांच्या दारातून निघते.

त्या रांगेतल्या आईबापांना नावं ठेवायला मी तयार नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतं आणि पहिल्याच दिवशी सगळं इंग्रजीत सुरू होतं. ते तोंडघशी पडताना ज्यांनी पाहिलं, ते धाकट्याला पुन्हा त्या वाटेने पाठवणार नाहीत. लोकांच्या घरची धुणीभांडी करून, गवंडीकाम करून फी भरणारी माणसं हौसेने ती भरत नाहीत. पण फी भरून मिळतं काय तेही बघावं. अनेक इंग्रजी शाळांत मूल विज्ञानाची इंग्रजी उत्तरं घोकतं. प्रकाशसंश्लेषण त्याला इंग्रजीत लिहिता येतं, पण पाहुण्याशी चार वाक्यं इंग्रजीत बोलता येत नाहीत. मराठी वाचताना ते अक्षरं जुळवत राहतं. माध्यम बदलल्याने भाषा येत नाही. ती येते ती समजून घेतल्याने आणि वापरल्याने, आणि समजून घेण्याचं काम मातृभाषेत सगळ्यात लवकर होतं.

मराठीच्या चळवळीत मन घातलेल्या काही वडीलधाऱ्यांना इंग्रजीचा हा आग्रह खटकेल, हे मला माहीत आहे. मराठीसाठी लाठ्या खाल्लेल्या माणसांनी आता पोरांना इंग्रजी शिकवत बसायचं का, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की होय, बसायचं. १९४६ साली याच बेळगावात साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, तेव्हा त्यामागे मराठी वाचणारी, मराठी शाळांत शिकलेली माणसं होती. उद्याची तशी माणसं मराठी शाळेतूनच येणार, आणि शाळा राहणार ती इंग्रजीची भीती घालवणारी असेल तर. मराठी शाळेत इंग्रजी नीट शिकवणं हे मराठीचंच काम आहे.

सरकारी पुस्तक बदलेल याची वाट बघत बसण्याचं कारण नाही. इंग्रजीच्या पुस्तकाला मराठीतून आधार कसा द्यायचा, हे आपल्या शिक्षकांनी ठरवायचं आहे. मला हवी आहे ती एक पातळ पुस्तिका. त्या १५० जोड्या, प्रत्येकीचे एकदोन अर्थ, शेजारी मराठी आणि कन्नड प्रतिरूप, आणि वाक्यं इथली. 'पुट ऑफ'ला येळ्ळूरच्या कुस्त्या पावसामुळे पुढे ढकलल्या असं वाक्य असावं. 'टर्न अप'ला सभेला चारच माणसं आली, 'रन आउट'ला भात मळताना डिझेल संपलं, 'सेट आउट'ला पंढरीच्या वारीला निघालो. लंडनच्या उद्यानातलं वाक्य मुलाला पाठ करावं लागतं, गावातलं वाक्य ते आपणहून बोलतं. कन्नड प्रतिरूप हवंच, कारण मुलं कन्नड शिकतातच, आणि तिन्ही भाषा एका ओळीत आल्या की एकमेकींना हात देतात.

हे काम कुणाचं? सीमाभागात उचगाव, कडोली, येळ्ळूरसारखी गावं स्वतःच्या वर्गणीतून मराठी साहित्य संमेलनं भरवतात. ग्रंथदिंडी निघते, गाव मांडवात बसतं. त्याच मांडवात एक सत्र शिक्षकांसाठी ठेवावं. कविसंमेलनाला कात्री लावायची गरज नाही, सकाळचा एक तास मोकळा करता येईल. प्रत्येक शिक्षकाने वर्गातली मुलं कोणत्या वाक्याला अडली ते लिहून आणावं आणि तिथे मराठीने काय साथ दिली ते सांगावं. वाचनालयांनी पुस्तिका छापायचा खर्च उचलावा. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेशाची खास सोय देतं. त्या प्रवेशापर्यंत पोचणाऱ्या मुलांची संख्या वाढवायची तर सरकारचा पैसा खाली, पाचवीच्या वर्गापर्यंत आला पाहिजे. निवृत्त शिक्षक प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्यांच्यातले बरेच जण बोलावण्याची वाट बघत आहेत.

प्रश्नपत्रिका आपल्या हातात नाही, पण घटक चाचणी शाळेच्या हातात आहे. तिथे गाळलेली जागा देण्याऐवजी मुलांना सांगावं: घरी आणि बाजारात आठवडाभर ऐकलेल्या इंग्रजी जोड्या लिहून आणा, त्या कुणी, कुठे, कशासाठी वापरल्या ते मराठीत लिहा, आणि मग त्याच जोडीचं एक इंग्रजी वाक्य करा. गॅरेजवाल्याचा मुलगा या चाचणीत पहिला येईल. भाजीवालीची मुलगी दुसरी. ज्यांना आजवर इंग्रजीत पस्तीसही पडत नव्हते, त्यांच्याकडे वर्गाला शिकवण्यासारखं काहीतरी असेल.

कर्नाटकातल्या शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात. पुस्तिकेचा पहिला भाग, पाचवी आणि सहावीसाठी पन्नास जोड्यांचा, त्याआधी तयार होऊ शकतो. चार शिक्षक, एक कन्नड जाणणारा आणि छापखान्याचं बिल भरणारं एक मंडळ, एवढं जमलं की पुरे. माझ्या भागातल्या शिक्षकांशी बोलणं सुरू झालं आहे आणि पिक, पुट, टेक या तीन क्रियापदांचं टिपण आम्ही वाटून घेतलं आहे. निपाणी आणि खानापूरच्या बाजूने कुणी गेट आणि टर्न घेणार असेल तर लगेच कळवावं.